चित्रकथांची राखण

श्रावण पुन्हा आला आहे, आणि जुन्या पुलावरच्या पट्टीला आज पाणी किती, हा प्रश्न सांगलीत चहाच्या पहिल्या घोटाबरोबर विचारला जाऊ लागला आहे. दूधवाला एक आकडा सांगतो, वर्तमानपत्र टाकणारा दुसरा सांगतो, आणि दोघांनाही खोटे ठरवणारा तिसरा कोणीतरी दुपारी दत्ताच्या देवळाच्या पायरीवर भेटतोच. आकाश राखेच्या रंगाचे झाले आहे. भिंतींना ओल सुटली आहे, काड्यापेटी तीनदा ओढल्याशिवाय निरांजन लागत नाही, आणि वाळत घातलेल्या धोतराला दोन दिवस झाले तरी तोच दमट, आंबूस वास आहे.

समोरच्या द्वारकाकाकू माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. तुळशीला पाणी घालता घालता त्यांनी काल मला हटकलेच.

"काय गुरुजी, यंदा पाणी चढलं तर आधी काय बाहेर काढायचं, ते ठरलंय का?"

"ठरलंय. त्या वर्षी जे काढलं, तेच."

"म्हणजे पुन्हा ती तोंडाला फडकी बांधलेली माणसं?"

"तीच."

काकू हसल्या. मी हसलो नाही. त्या वर्षापासून हा प्रश्न मला थट्टेने, कळवळ्याने आणि क्वचित उघड तिरस्कारानेही विचारला गेला आहे, आणि प्रत्येक वेळी माझे उत्तर हेच राहिले आहे. पश्चात्तापाची अपेक्षा ठेवून जे विचारतात, त्यांची निराशा करणे मला भाग आहे.

पुराच्या त्या वर्षानंतर पुन्हा माझ्याच हवाली झालेली ती चार खोकी आजही माझ्या मधल्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीशी, पाटांवर ठेवलेली आहेत. ती माझी नाहीत. माझ्या सुनेची, रेवतीची आहेत. आष्ट्याच्या ऊसवाल्या घरातली ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा बायका तिच्या अंगावरचे दागिने पाहत होत्या आणि ती मात्र टेम्पोतून उतरणाऱ्या खोक्यांकडे पाहत होती. "दादा, आडवं नका करू, उभंच राहू दे," असे ती हमालाला विनवत होती. खोक्यांत निघाल्या चित्रकथा, कित्येकींच्या मुखपृष्ठावर तोंडाला फडकी बांधलेले वीर. आपल्याकडच्या, परदेशातल्या, बहुतेक गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या. प्रत्येक अंक स्वतंत्र पारदर्शक पिशवीत, पिशवीत अंकामागे पांढरा पुठ्ठा, आणि काही मोजके अंक तर काचेसारख्या कठीण पेटीत कायमचे बंद केलेले.

ज्याने आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, त्याच्या घरात हे यावे याचे मला प्रारंभी नवल वाटले, हे मी लपवत नाही. मी तिला विचारले होते, "जे पुस्तक उघडताच येत नाही, त्याला पुस्तक का म्हणावं?"

ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही देवघरातली ती लाल कापडातली पोथी शेवटची कधी उघडली होतीत?"

"आषाढात."

"आणि त्याआधी?"

मग तिने वाचण्यासाठी ठेवलेली निराळी प्रत मला आणून दिली. अंक मोलाचा असेल तर त्याच्या दोन प्रती ठेवायच्या, एक वाचायची आणि एक जपायची, असा तिचा नेम. मी ती प्रत वाचली. प्रथम कर्तव्य म्हणून, नंतर कुतूहलाने आणि पुढे, सांगायला संकोच कशाला, गोडीने. दोन चौकटींच्या मध्ये एक बोटभर कोरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत मनुष्य दाराशी उभा असतो, दुसरीत दार उघडे असते आणि खोली रिकामी असते. मधले सारे त्या कोऱ्या पट्टीत घडते आणि ते वाचणाऱ्याने घडवायचे असते. सूत्रकार याहून निराळे काय करतात? चार अक्षरे देतात आणि उरलेले तुमच्या बुद्धीवर सोपवतात. आपल्या गावोगावचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामाची कथा सांगत, तेव्हा त्यांच्यापुढे हात जोडून बसलेल्यांना कोणी पोरकट म्हटल्याचे ऐकिवात नाही. चित्र पाहणे हे वाचण्याहून खालच्या पायरीचे, हा समज विद्वानांचा आहे, विद्येचा नव्हे.

लग्नाला दोन वर्षे झाली आणि माझ्या मुलाची नेमणूक कोकणातल्या एका बंदरावर झाली. रेवतीही त्याच्याबरोबर निघाली. निघण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"समुद्राची हवा कागद खाते, अण्णा. टाचण्या गंजतात, पानं पिवळी पडतात. हे सगळं मी तुमच्यापाशी ठेवू का? या घरात कागद जपायचा म्हणजे काय, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे."

मी "ठेव" म्हणालो. हा एक शब्द उच्चारण्यापूर्वी मनुष्याने खरे तर स्नान करून यावे. धर्मशास्त्रात निक्षेपावर स्वतंत्र विचार केलेला आहे. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू आपल्या वस्तूहून अधिक जपावी आणि मागताक्षणी होती तशी परत करावी. मला हे पाठ होते. परंतु पाठ असणे निराळे, आणि चार खोकी पाटावर ठेवून त्यांच्याशेजारी सहा ऋतू झोपणे निराळे.

पहिल्या वर्षी माझ्याकडून प्रमाद घडला. मी वाईच्या पाठशाळेत शिकलो. पोथी पुत्रासारखी जपावी आणि शत्रूसारखी आवळून बांधावी, ही आमच्या गुरुजींची शिकवण. ढिली पोथी म्हणजे कसरीला आमंत्रण. कसर म्हणजे कागद खाणारा तो रुपेरी, बारीक किडा. अतएव पावसाळा सरला, आश्विनाचे ऊन पडले, तशी मी एक खोके सोडले, दहा-दहा अंकांचे गठ्ठे केले, वेखंडाच्या कांड्या आणि वाळला कडुनिंब घालून ते लाल कापडात गुंडाळले आणि सुती दोरीने, गुरुजींनी पाहिले असते तर पाठ थोपटली असती, इतके करकचून बांधले. मनात केवढे समाधान होते! दिवाळीला रेवती आली, तिने कापड सोडले आणि ती जमिनीवरच बसली.

"अण्णा, हे काय केलंत हो!"

दोरीचा दाब प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या अंकावर उमटला होता. कडेला बारीक खाच, घडीच्या कण्यावर पांढरी रेघ. अशी रेघ उमटली की संग्राहकांच्या लेखी त्या अंकाचा दर्जा उतरतो, तो पुन्हा चढत नाही. तिने मला एका शब्दाने दुखावले नाही. उलट दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी बसून तिने मला सारे शिकवले. अंक उभे ठेवायचे, फार दाटीने नाही आणि फार सैलही नाही, नाहीतर ते कमरेत वाकतात. माळ्यावर ठेवायचे नाहीत, पत्र्याची झळ लागते. थेट जमिनीवरही नाही. उन्हात तर कधीच नाही, रंग उडतात. हात धुतलेले आणि कोरडे हवेत, केसांना तेल लावल्यावर तर स्पर्शच नको.

"म्हणजे सोवळ्यातच म्हण की," मी म्हणालो.

"तेच ते," ती म्हणाली, "फक्त नैवेद्य नको."

तेव्हापासून मी स्नान करून, हात पुसून, मगच त्या खोक्यांना हात लावीत आलो. ओल टिपणाऱ्या पुड्या दर महिन्याला बदलीत आलो. एकदा चुकलो होतो. राखणदाराला दुसरी चूक नसते.

आता त्या श्रावणाविषयी.

पाऊस सलग किती दिवस पडत होता, ते आठवत नाही. आठवतो तो आवाज. पावसाचा नव्हे, रिक्षावर बांधलेल्या कर्ण्याचा. नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित ठिकाणी जावे, नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित ठिकाणी जावे. इतक्यांदा ऐकू आले की त्याला मंत्राची लय आली आणि अर्थ निघून गेला. कृष्णामाई समोरून येईल म्हणून सारे नदीच्या दिशेने डोळे लावून बसले होते. ती आली मागच्या ओढ्यातून, गटारातून, न्हाणीघराच्या मोरीतून. सकाळी नऊच्या सुमारास मोरीत बुडबुडे आले आणि दहाला मागच्या अंगणातली पायरी दिसेनाशी झाली.

मी वाईला होतो तेव्हा हिच्याच घाटावर पहाटे संध्या केली. गुडघाभर पाण्यात उभा राहून अर्घ्य दिले. आटपाडीच्या कोरड्या मुलखातला मी. आमच्याकडे पाणी हे देवाहून दुर्लभ. त्यामुळे ज्या दिवशी प्रथम नदी पाहिली, त्या दिवशी मी रडलो होतो. तीच नदी त्या सकाळी माझ्या उंबऱ्याशी उभी होती, आणि मी तिला नमस्कार करून म्हणालो, "माते, थोडा अवधी दे."

रेवतीला दूरध्वनी लागत नव्हता. कोकणातून वर येणारे घाटरस्ते बंद होते. परंतु तिच्या वडिलांना आमची चिंता होती. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता उसात रमलेले. आष्ट्याहून ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन ते पाण्यातूनच आमच्या गल्लीत शिरले. ट्रॉलीत आधीच द्वारकाकाकू खुर्चीसकट चढवलेल्या होत्या. वरच्या आळीतली दोन कुटुंबे, त्यांची गाठोडी, एक शेळी आणि सिलिंडरही होते. पाणी चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत आले होते.

"पाव्हणं, चला बिगीनं! लय येळ न्हाई. पुढचा रस्ता तासाभरात जाम हुतोय."

"ही चार खोकी आधी चढवा."

"ह्यात काय, देव हायत?"

"देव माझ्या गळ्यातल्या पिशवीत आहेत. ही रेवतीची पुस्तकं."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले, खोक्यांकडे पाहिले आणि ट्रॉलीतल्या उरलेल्या जागेकडे पाहिले. कोपऱ्यात एका मोठ्या पेटीएवढीच जागा शिल्लक होती. मग त्यांनी वर माळ्याकडे पाहिले. तिथे माझी सागवानी पेटी आहे, हे त्यांना ठाऊक होते. दर दसऱ्याला ते तिला फूल वाहायला येत.

"आन् तुमच्या पोथ्या?"

"जागा एकाचीच आहे ना?"

"व्हय."

"मग ही खोकी."

"आवं पाव्हणं, डोस्कं ठिकानावर हाय का? माझीच लेक हाय ती. मी सांगतो तिला. ती एक शबुद बोलायची न्हाई. चित्रांची पुस्तकं काय, पुना मिळतील. तुमच्या हातच्या पोथ्या कुटनं आनायच्या?"

"तुमची लेक तुम्हाला काय म्हणेल, तो तुमचा प्रश्न, सुभेदार. हे तिनं माझ्याकडे दिलंय. मला ते परत द्यायचंय."

"ह्ये बगा, मी फौजेत लय हट्टी मानसं बगितली…"

"मग त्यात आणखी एक."

ट्रॉलीतून द्वारकाकाकू ओरडल्या, "अहो गुरुजी, सरस्वतीला बुडवून त्या फडकीवाल्यांना वाचवताय?"

सुभेदारांनी मिशीवरचे पाणी निपटले आणि म्हणाले, "ऑर्डर म्हंजे ऑर्डर. धरा त्या बाजूनं." मग आम्ही दोघांनी, गुडघ्याच्या वर पाणी असताना, चारही खोकी एकेक करून डोक्यावरून नेली. ती किती जड असतात, हे उचलल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या खेपेला माझा पाय शेवाळावरून सरकला. खोके डोक्यावर राहिले, मी मात्र छातीपर्यंत बसलो. सुभेदारांनी आपली ताडपत्री खोक्यांवर चौपदरी टाकली आणि तिच्या टोकांवर वजन म्हणून त्या बिचाऱ्या शेळीला बांधले. आष्ट्यापर्यंत मी त्या ताडपत्रीवर हात ठेवून उभा होतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. माळ्यापर्यंत पाणी चढणार नाही असे मला वाटले म्हणून मी पोथ्या मागे ठेवल्या, असे पुष्कळ सुहृद माझ्या वतीने सांगत असतात. ते मायेने सांगतात, पण ते खरे नाही. मोरीतून पाणी ज्या वेगाने चढत होते तो मी पाहिला होता. आमचे घर बैठे, छप्पर ठेंगणे. घराबाहेर पडताना मी माळ्याखाली उभा राहिलो, वर पाहून हात जोडले, आणि तेव्हा मला ठाऊक होते.

त्या पेटीत सात पोथ्या होत्या. चार छापील, जुन्या. तीन माझ्या हातच्या. वाईला गुरुजींच्या समोर बसून, बोरूने, काजळाच्या शाईने मी त्या उतरून काढल्या होत्या. मेंढपाळाच्या मुलाने पाठशाळेत यावे की नाही, यावर तेव्हा मतभेद होते. गुरुजींनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाले, "उतरून काढ. ज्याच्या हाताला अक्षर वश आहे, त्याला कोण उठवतो ते पाहू." तीन वर्षे मी लिहीत होतो. जिथे चुकलो, तिथे त्यांनी स्वतः पिवळी हरताळ लावून अक्षर झाकले आणि वर दुरुस्त केले. त्या पिवळ्या ठिपक्यांवर मी आयुष्यभर प्रेम केले. ते माझे प्रमाणपत्र होते, माझे जानवे म्हणा हवे तर. काजळाची शाई पाण्याला शरण जाते, हेही मला ठाऊक होते.

नऊ दिवसांनी पाणी उतरले. घरात पाऊल टाकले तेव्हा घोट्यापर्यंत मऊ, थंड गाळ होता, आणि त्याला एक वास होता जो अजूनही कधी कधी भर उन्हाळ्यात अकारण येतो. पेटी माळ्यावर होती तिथेच होती. झाकण फुगून घट्ट बसले होते. पहार लावून उघडले. आत पोथ्यांच्या आकाराचे सात लगदे होते आणि तळाशी करड्या रंगाचे पाणी साचले होते. मी ते पाणी तांब्यात घेतले आणि नदीत सोडून आलो. शब्द जिथून आले तिथे गेले, असे काही मला वाटले नाही. मला फक्त दुःख झाले. त्या दुःखाला मी कोणतेही सुंदर नाव देणार नाही.

भाद्रपदात साताऱ्याला आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळा भरला. दरवर्षी भरतो. पूरग्रस्तांची विचारपूस झाली, माझी कथा निघाली, आणि माझा एक सहाध्यायी, जो पाठशाळेत माझ्या शेजारच्या आसनावर बसे, तो सर्वांसमक्ष म्हणाला, "गुरुजींच्या हरताळाची पाने पाण्यात आणि सुनेची मारामारीची चित्रे ट्रॉलीत! शेवटी मेंढरामागचा तो मेंढरामागेच गेला म्हणायचा."

काही जण हसले. बरेच जण खाली पाहू लागले. मी उठून उभा राहिलो. मला राग आला नव्हता असे नाही. आला होता, आणि तो मला उपयोगी पडला.

"बरोबर बोललास," मी म्हणालो. "मेंढरामागचाच आहे मी. म्हणूनच हे करू शकलो."

मग मी त्यांना माझ्या वडिलांविषयी सांगितले. पाठशाळेतून सुट्टीला गेलो असता मी त्यांच्याबरोबर कळपामागे हिंडे. एका संध्याकाळी आम्ही ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरलो आणि वर कुठेतरी पडलेल्या पावसाचे लाल पाणी अचानक भिंतीसारखे आले. कळपात आमची मेंढरे होती आणि शेजारच्या तीन घरांचीही होती. त्यांच्या पाठीवर गेरूच्या खुणा होत्या. आमची बिनखुणेची. माझ्या बाने खांद्यावर कोकरू घेतले ते गेरूचे, परत येऊन घेतले तेही गेरूचे. मी आमची पांढरी पाट, म्हणजे कोवळी मेंढी, धरून ओढत होतो, तर ते माझ्यावर खेकसले.

"सोड तिला! लोकाचं मेंढरू आदी."

"बा, आपली मरंल की ती!"

"मरूं दे. आपलं मेलं तर रडाया आपन हाय. लोकाचं मेलं तर त्येच्या दारात उबं ऱ्हायाला तोंड न्हाई."

त्या संध्याकाळी आमची पाच गेली. गेरूचे एकही गेले नाही. माझ्या बाला अक्षर येत नव्हते. परंतु निक्षेपाच्या प्रकरणावर त्याहून चांगले भाष्य मी पुढे कुठल्याही ग्रंथात वाचले नाही.

"गुरुजींनी मला लिहायला शिकवलं," मी सभेला सांगितले, "पण काय वाचवायचं ते मी शिकूनच वाईला आलो होतो. पोथ्या माझ्या होत्या. म्हणून त्या मागे राहिल्या. ती खोकी गवताची असती, तरी मी हेच केलं असतं. आणि ती गवताची नाहीत. आज तुम्ही हसता, तशीच माणसं आपल्या प्राकृत ग्रंथांना एके काळी हसली होती. हसणारे गेले. ग्रंथ राहिले, कारण कोणीतरी डोक्यावरून वाहिले."

इतके बोलून मी खाली बसलो. टाळ्या वाजल्या नाहीत. सहाध्यायी पुढे माझ्याशी बोललाही नाही. पुढच्या वर्षी मला निमंत्रण आले नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. वाईच्या घाटावर मी अजून जातो, एकटा जातो, आणि पाण्यात उभा राहिल्यावर मला एकटे वाटत नाही.

परंतु त्या श्रावणातला जो प्रसंग मला खरोखर जपावासा वाटतो, तो याच्या आधीचा आहे. घरातला गाळ निघेपर्यंत मी आष्ट्याला, सुभेदारांच्याच घरी होतो. घाट उघडल्याबरोबर रेवती आणि माझा मुलगा तिथे येऊन पोहोचले. वाटेत त्यांनी सांगलीचे घर पाहिले होते. पेटीही पाहिली होती. ती दारातून आत आली तीच रडत, आणि येऊन तिने माझे पाय धरले.

"अण्णा, का केलंत असं? मला नकोत ती खोकी. एकही नको. तुमच्या पोथ्या गेल्या आणि मी ती घरात कशी ठेवू?"

"ऊठ," मी म्हणालो. "रडणं नंतर. आधी तपासून घे."

"अण्णा…"

"ठेव परत देताना ठेवणाऱ्यानं पाहून घ्यायची असते. तू पाहिली नाहीस, तर माझं काम संपत नाही. मी काय ही राखण आणखी जन्मभर करू?"

सुभेदारीण आतून म्हणाल्या, "जेवून घ्या की आधी समदी." कोणी उठले नाही. सोप्यात सतरंजी अंथरली. रेवतीने डोळे पुसले, मोरीवर जाऊन हात धुतले, कोरडे केले आणि पहिले खोके उघडले. एकेक अंक उजेडाकडे धरून तिने पाहिला. पुढून, मागून, मग कणा, मग टाचण्या, मग चारी कोपरे. सुरुवातीला ती घाईने पाहत होती. मनुष्य दुखवट्याच्या घरी पान वाढतो, तशी, नुसते उरकायचे म्हणून. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "अशी नाही. तू नेहमी पाहतेस तशी पाहा."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग तिची मान खाली गेली, भुवया जवळ आल्या, आणि तिचे हात हळू झाले. ती आता खरोखर पाहत होती. एक खोके संपले. दुसरे अर्धे झाले. बाहेर शेळी ओरडत होती. दुसऱ्या खोक्यातला एक अंक तिने वर धरला, जरा तिरपा केला आणि तिथेच थांबली. ही तिच्या संग्रहातली फार दुर्मीळ प्रत होती, मोजकीच छापली गेलेली. मला तिचे मुखपृष्ठ ओळखीचे होते.

तिला बोलावे की न बोलावे, असे झाले असावे. मी तिच्याकडे पाहत होतो. एक शब्द न बोलता ती तो अंक परत ठेवू शकली असती. कोणी तिला दोष दिला नसता.

"अण्णा," ती म्हणाली, "हिचा खालचा कोपरा मुडपलाय. ओल लागलीय थोडी."

सुभेदार ताडकन उठले. "गप की गं! शरम हाय का न्हाई? म्हाताऱ्या मानसानं छातीएवढ्या पान्यातनं आनलंय त्ये, आन् तू कोपरं काढतीस?"

माझ्या मुलानेही तिचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला. तिचे डोळे पुन्हा भरले होते, तरी ती माझ्यावरून नजर काढत नव्हती.

मला किती बरे वाटले, ते त्या खोलीत कोणाला समजले असेल असे वाटत नाही. सारे जण मला त्या पंधरा दिवसांत म्हातारा म्हणत होते, पूरग्रस्त म्हणत होते, बिचारा म्हणत होते. या एकटीने मला राखणदार मानले. दया करून खोटे बोलायचे असते, तर ते तिला किती सोपे होते!

"सुभेदार, तिला बोलू नका," मी म्हणालो. "दोष माझा आहे. तिसऱ्या खेपेला मी घसरलो होतो, तेव्हाच तो झाला असणार." मग रेवतीकडे वळून म्हणालो, "तो अंक बाजूला ठेव. आणि पुढचा घे. अजून दोन खोकी राहिली आहेत."